वाटाण्याचा कारखाना आला, लोकसंख्या तेवढीच राहिली: पोर्टेज ला प्रेरीचं प्रकरण

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका शेतीप्रधान शहराने पाच-सहा वर्षांत जवळजवळ अब्जभर डॉलरची गुंतवणूक मिळवली, त्याचं हे प्रकरण. शहराचं नाव, कंपन्यांची नावं आणि आकडे जाहीर आहेत. निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. इथले डॉलर सगळे कॅनडाचे.

पार्श्वभूमी

पोर्टेज ला प्रेरी हे विनिपेगच्या पश्चिमेला साधारण 80 किलोमीटरवर, असिनिबॉइन नदीकाठी वसलेलं शहर. वस्ती तेरा हजारांच्या घरात. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला कोणी शहर म्हणणार नाही, पण प्रेरीच्या मैदानात तेरा हजार म्हणजे आजूबाजूच्या पन्नास मैलांचा बाजार, दवाखाना, शाळा आणि ट्रॅक्टरची दुरुस्ती. जमीन सपाट आणि नदीच्या गाळाची, प्रांतातल्या उत्तम जमिनींपैकी एक. गहू, कनोला (मोहरीच्या जातीची तेलबी), सोयाबीन, वाटाणा, बटाटा, शिवाय भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी. देशातल्या दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या मुख्य मार्गिका इथून जातात. पूर्व-पश्चिम राष्ट्रीय महामार्गाला वायव्येकडे जाणारा दुसरा मोठा रस्ता शहराच्या जरा पुढे फुटतो. रेल्वेच्या दोन कंपन्या एकाच गावात असणं ही चैन आहे. एकच असली की धान्य पाठवणारा तिच्या दराला बांधला जातो.

एवढं असूनही शहराचा पोटाचा मोठा आधार शेतीपेक्षा सरकारी संस्थांवर होता. दक्षिणेला हवाई दलाचा तळ होता. 1890 मध्ये सुरू झालेली, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीची मोठी निवासी संस्था होती. महिलांचा तुरुंग होता, मुलांचं सुधारगृह होतं. सरकारी पगार, निवृत्तिवेतन, सुट्ट्या. कर्ज काढून घर बांधणारा वर्ग या पगारांवर उभा राहिला.

हवाई तळ 1992 मध्ये बंद झाला. वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण खाजगी कंत्राटावर तिथेच चालू राहिलं आणि तळाची जागा एका ना-नफा संस्थेने औद्योगिक वसाहत म्हणून चालवायला घेतली, त्यामुळे धक्का थोडा सौम्य झाला. त्याच सुमारास सूपचे डबे बनवणारा एक नामांकित कारखानाही गेला. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार झाल्यावर सीमेपलीकडच्या मोठ्या कारखान्यातून माल आणणं कंपन्यांना परवडू लागलं, आणि कॅनडाच्या छोट्या शाखा एकामागून एक बंद पडल्या. 2012 मध्ये महिलांचा तुरुंग विनिपेगजवळच्या हेडिंग्लीला हलवला गेला.

अडचण

शहराची अडचण वरवर पाहता साधी वाटते: उद्योग हवेत. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळ्या मागण्या गुंतलेल्या होत्या आणि सभेत बोलणारा प्रत्येकजण त्यातल्या आपल्या मागणीलाच ‘विकास’ म्हणत होता. नगरपालिकेला मालमत्ता कर हवा होता. दुकानदारांना गिऱ्हाईक हवं होतं, म्हणजे वस्ती वाढायला हवी होती. तरुणांना विनिपेग न गाठता नोकरी हवी होती. शेतकऱ्याला कच्चा माल रेल्वेत भरून हजारो किलोमीटर दूर पाठवण्याऐवजी दाराशी गिऱ्हाईक हवं होतं.

एकच कारखाना या चारही मागण्या पुऱ्या करेल असं गृहीत धरणं हा अशा शहरांचा नेहमीचा घोळ आहे.

समोरचे पर्याय

प्रेरीतल्या या आकाराच्या शहरापुढे सहसा चार वाटा असतात. पहिली म्हणजे राजधानीचं उपनगर व्हायचं. स्वस्त घरं, चांगली शाळा, विनिपेगला तासाभरात जाता येतं. पण ऐंशी किलोमीटर रोज, आणि जानेवारीत उणे तीसमध्ये, हे थोड्यांनाच झेपतं. शिवाय विनिपेगचं अंतर कमी असणं खरेदीच्या बाबतीत उलटं फिरतं: लोक शनिवारी तिकडेच जातात.

दुसरी वाट महामार्गावरची: पेट्रोल पंप, मोटेल, मोठी दुकानं. येतंजातं गिऱ्हाईक भरपूर, पगार कमी. (पर्यटकांना थांबवायला शहरात कोकाकोलाचा भलामोठा डबाही उभा आहे, जगातला सर्वांत मोठा म्हणून तो मिरवला जातो. लोक फोटो काढतात आणि पुढे निघतात.)

तिसरी वाट माणसांवर चालणाऱ्या अन्नप्रक्रियेची, म्हणजे मुख्यतः मांस. चौथी यंत्रांवर चालणाऱ्या अन्नप्रक्रियेची: बटाटा, तेलबिया, स्टार्च, प्रथिनं.

तिसरी वाट काय देते हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. वायव्येला नीपावा नावाचं गाव आहे. तिथला डुकराच्या मांसाचा कारखाना 2008 मध्ये हायलाइफ कंपनीने घेतला, वाढवला, आणि फिलिपिन्समधून मोठ्या संख्येने कामगार आणले. नीपावाची वस्ती 2011 मध्ये 3,629 होती, 2016 मध्ये 4,609 झाली आणि 2021 मध्ये 5,685. दहा वर्षांत दीडपटीहून जास्त. सोबत घरांची टंचाई आली, शाळेचे वर्ग भरले, चर्च भरलं, आशियाई किराण्याची दुकानं आली. काम मात्र कष्टाचं आणि थंडगार खोलीत उभं राहून करायचं.

पोर्टेजने चौथी वाट धरली. ‘धरली’ म्हणतो खरा, पण वाट बरीचशी आधीच पडलेली होती. मकेनचा बटाट्याचा कारखाना 1979 पासून होता. सिम्पलॉटचा 2003 मध्ये सुरू झाला. फ्रेंच फ्राईज कापणाऱ्या कारखान्यांना बटाट्याखेरीज लागतं ते पाणी, गॅस, वीज आणि सांडपाण्याची सोय. हे सगळं वीस-पंचवीस वर्षांत जमत गेलं होतं. पुढच्या उद्योगाला नेमकं हेच हवं होतं.

काय केलं

जानेवारी 2017 मध्ये फ्रान्सच्या रोकेट कंपनीने जाहीर केलं की वाटाण्यापासून प्रथिनं काढण्याचा 40 कोटी डॉलरहून मोठा कारखाना ती पोर्टेजमध्ये उभारणार. नोकऱ्या दीडशे, पूर्णत्व 2019. रोकेट ही 1933 पासूनची, लेस्ट्रेम गावातली कुटुंबाच्या मालकीची कंपनी. मूळ धंदा स्टार्चचा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2018 मध्ये, सिम्पलॉटने 46 कोटी डॉलर घालून आपला कारखाना दुपटीहून मोठा करायचं ठरवलं. नव्या नोकऱ्या 87.

हे दोन्ही पोर्टेजलाच का आले? करसवलतींच्या बातम्या नेहमी मथळ्यात येतात, पण सवलत तर शेजारचा सॅस्कॅचेवानही देतो. फरक पाडणाऱ्या गोष्टी रुक्ष होत्या. मॅनिटोबाची वीज जवळपास सगळी जलविद्युत, स्वस्त आणि कर्बमुक्त. वनस्पतीजन्य अन्न विकणाऱ्या कंपनीला लेबलवर हे दाखवायला आवडतं. दोन रेल्वे. आसपास वाटाणा पिकवणारे शेतकरी. पाण्याचं शुद्धीकरण केंद्र, आणि आधीच बटाट्याच्या स्टार्चचं सांडपाणी हाताळण्याचा अनुभव असलेलं नगरपालिकेचं सांडपाणी केंद्र.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण इथेच फिरतं. वाटाण्यातून प्रथिनं काढायची पद्धत ओली आहे. दाणा सोलून दळायचा, पीठ पाण्यात कालवायचं, जड स्टार्च आणि तंतू यंत्राने वेगळे करायचे, राहिलेल्या पाण्यात आम्ल घालून प्रथिनं साकळायची आणि मग गरम हवेत फवारून भुकटी करायची. वाटाण्यात प्रथिनं जेमतेम वीस ते पंचवीस टक्के, स्टार्च निम्म्याच्या जवळ. जे प्रथिनांचे अंश साकळत नाहीत ते पाण्यात जातात, आणि प्रथिनं म्हणजे नत्र. बटाट्याच्या पाण्यातही नत्र आणि स्फुरद असतंच. हे सगळं नगरपालिकेच्या केंद्रातून असिनिबॉइन नदीत, तिथून रेड नदीत आणि शेवटी विनिपेग सरोवरात पोचतं. त्या खतावर या सरोवरात उन्हाळ्यात शेवाळाची हिरवी साय पसरते. 2013 मध्ये ग्लोबल नेचर फंड या पर्यावरण संस्थेने त्याला त्या वर्षाचं ‘संकटग्रस्त सरोवर’ ठरवलं होतं. मॅनिटोबाने सांडपाण्यातल्या स्फुरदावर लिटरला 1 मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

म्हणजे तेरा हजारांच्या शहराने चालवायचं केंद्र आता कितीतरी मोठ्या शहराइतका सेंद्रिय भार (पाण्यातला कुजणारा माल) घेणार, आणि तोही कडक मर्यादेत. सांडपाणी केंद्राची वाढ आणि सुधारणा देशाच्या आणि प्रांताच्या सरकारच्या मदतीने हाती घ्यावी लागली. शहराने आपलं सर्वांत मौल्यवान जे काही विकलं ते ही क्षमता होती, जमीन नव्हे. जमीन तर प्रेरीत चारी बाजूंना क्षितिजापर्यंत पडलेली आहे.

दुसरा निर्णय हद्दीचा. पोर्टेज शहर वेगळं आणि त्याला वेढून असलेली त्याच नावाची ग्रामीण नगरपालिका वेगळी. दोघांची सभा वेगळी, करही वेगळा. औद्योगिक क्षेत्र ग्रामीण हद्दीत आहे, पाणी आणि सांडपाणी शहराचं. अशा ठिकाणी आपल्याकडे हद्दवाढीचा प्रस्ताव येतो, मोर्चा निघतो, प्रकरण कोर्टात जातं. इथे आर्थिक विकासाची संस्था दोघांनी मिळून चालवली, आणि बाहेरून येणाऱ्या कंपनीला एकाच दारावर थाप मारावी लागली. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत चांगलं काही झालं असेल तर हेच. कंपनीचा माणूस दोन कार्यालयांत दोन वेगळी उत्तरं ऐकतो तेव्हा तो भांडत बसत नाही, पुढच्या गावाला जातो.

मधल्या काळात जग हललं

घोषणेच्या दहाच महिन्यांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, भारताने आयात वाटाण्यावर 50 टक्के शुल्क लावलं. मराठी वाचकाला याची दुसरी बाजू जास्त ओळखीची असेल. 2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली, शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी तूर पेरली, पीक विक्रमी आलं, भाव हमीभावाखाली कोसळले आणि 2017 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांबाहेर गोण्यांच्या रांगा लागल्या. बाहेरून येणारी स्वस्त डाळ आणि वाटाणा थोपवणं त्यातूनच आलं. रगड्यात शिजणारा आणि स्वस्त बेसनात मिसळला जाणारा वाटाणा बहुतांशी कॅनडाच्या याच मैदानांतून येत होता; भारत हा कॅनडाचा सर्वांत मोठा वाटाणा-गिऱ्हाईक होता. एका रात्रीत तो बाजार जवळपास मिटला. प्रेरीचा वाटाणा मग चीनकडे वळला.

तेव्हा पोर्टेजचा अर्धवट कारखाना फारच दूरदृष्टीचा वाटू लागला. दाराशी गिऱ्हाईक, दिल्लीच्या अधिसूचनेची भीती नाही. वाटायला छान, पण आकडे बघा. कारखान्याची क्षमता वर्षाला 1,25,000 टन. कॅनडाचं वाटाण्याचं पीक साधारण वर्षी चाळीस लाख टनांच्या आसपास. म्हणजे शंभर पोत्यांतली तीन. उरलेली सत्त्याण्णव आधीसारखीच दिल्ली आणि बीजिंगच्या मर्जीवर. मार्च 2025 मध्ये चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर 100 टक्के शुल्क लावलं तेव्हा हे पुन्हा दिसलं.

दरम्यान वनस्पतीजन्य मांसाची लाट उसळली. मे 2019 मध्ये असं मांस विकणाऱ्या बियॉन्ड मीटचा शेअर 25 अमेरिकी डॉलरला बाजारात आला आणि तीन महिन्यांच्या आत दोनशेच्या वर गेला. जानेवारी 2020 मध्ये रोकेटने याच कंपनीशी अनेक वर्षांचा पुरवठा करार केला. मग कोविडची साथ आली, बांधकाम लांबलं. कारखान्याचं उद्घाटन 17 नोव्हेंबर 2021 ला झालं, ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा, आणि खर्च 60 कोटी डॉलरवर गेला. त्या उन्हाळ्यात प्रेरीत भीषण दुष्काळ पडला होता. कॅनडाचं वाटाण्याचं पीक आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं, भाव चढले. जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजवलेला कारखाना सुरू झाला तो असा: कच्चा माल महाग, आणि तयार मालाची लाट ओसरू लागलेली.

तरी रोकेट टिकली. पोर्टेजपासून तासाभरावर, विनिपेगमध्ये, वाटाणा आणि कनोलापासून प्रथिनं काढणारी मेरिट फंक्शनल फूड्स सार्वजनिक संस्थांचं मोठं कर्ज घेऊन उभी राहिली आणि मार्च 2023 मध्ये अवसायनात गेली. दोघींच्या पद्धतीपेक्षा पाठबळात जास्त फरक होता. रोकेटकडे स्टार्चचे जुने गिऱ्हाईक होते. वाटाण्याचा निम्मा भाग असलेल्या स्टार्चचं काय करायचं हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून पडत नव्हता. शिवाय कुटुंबाच्या मालकीमुळे तिमाहीच्या आकड्यांवर कोणी जीव घेत नव्हतं. कोणत्या कंपनीला आपलं पाणी द्यायचं हे ठरवताना तिच्या उत्पादनाइतकंच तिचं वय पाहावं, असं मला वाटतं.

निकाल

घोषणेच्या वेळचे आकडे जोडले तर दोन कारखान्यांत 86 कोटी डॉलर आणि 237 नोकऱ्या. दर नोकरीमागे 36 लाख डॉलर. नोकऱ्या चांगल्या, कायमच्या, तांत्रिक. पण 237.

आणि वस्ती? 2016 च्या जनगणनेत शहरात 13,304 माणसं होती. 2021 मध्ये 13,270. इतिहासातली सर्वांत मोठी औद्योगिक गुंतवणूक झाली त्या पाच वर्षांत शहर 34 माणसांनी लहान झालं.

हे अपयश आहे का? मालमत्ता कराच्या बाजूने बघणाऱ्याला नाही. बटाटा उत्पादकाला तर अजिबात नाही: सिम्पलॉट वाढल्यावर आसपासच्या शेतकऱ्यांकडून बटाट्याचे करार वाढले. वाटाणा उत्पादकाला थोडा फायदा. महामार्गावरच्या मोटेलवाल्याला बांधकाम चालू होतं तोवर सुगी, नंतर पूर्ववत. मुख्य बाजारातल्या कपड्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो नीपावाकडे बोट दाखवेल. तिथे त्याच काळात हजारावर माणसं वाढली.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली गेली नाही, ती अशी. जानेवारी 2021 मध्ये प्रांताने जाहीर केलं की 1890 पासूनची ती निवासी संस्था तीन वर्षांत बंद होणार. निर्णय योग्यच होता. माणसांना अशा मोठ्या वास्तूंत डांबून ठेवण्याचे दिवस संपलेच होते आणि त्या वास्तूचा भूतकाळ बरा नव्हता. पण तिथे तीनशेहून जास्त कर्मचारी होते. पुढच्या वर्षी मुलांचं सुधारगृहही बंद झालं. म्हणजे दोन मोठ्या कारखान्यांनी मिळून जेवढ्या नोकऱ्या आणल्या, त्याहून जास्त एका सरकारी पत्रकाने नेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, सांडपाण्याच्या क्षमतेची किंमत. अशा शहराने कारखान्याला पाणीपट्टीसारखा दर लावू नये. क्षमता राखून ठेवण्याचे पैसे घ्यावेत, वापरा अगर न वापरा. कारखाना अर्ध्या क्षमतेने चालला तरी टाक्या, पंप आणि कर्जाचा हप्ता अर्धा होत नाही. प्रथिनांचा बाजार कोसळला तर तो तोटा कंपनीच्या पुस्तकात दिसावा, पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या पाणीबिलात नाही.

दुसरं, जोडउद्योग. प्रथिनांच्या भुकटीच्या पुढचं सगळं, म्हणजे पीठ मळणं, आकार देणं, गोठवणं, पाकिटात भरणं, इतरत्र होतं. नोकऱ्या तिथेच जास्त असतात. घोषणा 2017 ची आणि उद्घाटन 2021 चं. मधल्या चार वर्षांत प्रथिनं आणि स्टार्च विकत घेणारे दोन-तीन छोटे धंदे जुन्या हवाई तळाच्या वसाहतीत आणायला वेळ होता. मोठ्या माशाच्या मागे असताना लहानांकडे बघायला कार्यालयात माणूस नसतो. बहुतेक छोट्या शहरांच्या विकास कार्यालयात दोन-तीनच माणसं असतात, आणि मोठी कंपनी त्यांचं सगळं वर्ष खाते.

तिसरं, शेजारी. शहराला लागूनच लाँग प्लेन फर्स्ट नेशन या आदिवासी समाजाचं नागरी राखीव क्षेत्र आहे. एके काळी आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणारी जुनी निवासी शाळा आज त्यांच्या ताब्यात आहे आणि 2020 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. वय वाढत चाललेल्या प्रेरीत सर्वांत तरुण लोकसंख्या या समाजांची आहे. कामगार कुठून आणायचा असं विचारताना मनिलाचं नाव आधी आणि शेजारच्या वस्तीचं नंतर सुचत असेल, तर ते सोयीचं आहे म्हणून नव्हे, सवयीचं आहे म्हणून.

चौथं, संस्थेचे ते तीनशेहून जास्त कर्मचारी. अशा संस्था टप्प्याटप्प्याने बंद होणार हे देशभर दहा-वीस वर्षं दिसत होतं. शेजारच्या प्रांतांनी आपापल्या केल्याही होत्या. रेड रिव्हर महाविद्यालयाची शाखा शहरातच आहे. कारखान्याचा नकाशा मंजूर होत होता तेव्हाच, 2018 मध्ये, तिथे प्रक्रिया चालकांचा अभ्यासक्रम सुरू करून काही जागा या कर्मचाऱ्यांसाठी राखता आल्या असत्या. चाळिशीच्या पुढची, रात्रपाळीची सवय असलेली, गावात घर असलेली आणि गाव सोडायची इच्छा नसलेली माणसं. बॉयलरच्या नियंत्रण कक्षात बसायला याहून बरे उमेदवार कारखान्याला कुठे मिळणार होते?